पी.पी. नंबर ते व्हिडिओ कॉल: इंदूरकरांचा अनुभव धागा

आमच्या रामबागेतल्या घरात १९८४ साली फोन आला. बाबांना कचेरीकडून मिळाला होता, नाहीतर तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. काळा, जड, गोल डायलचा. आईने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला होता. डायलच्या भोकात छोटं कुलूप असायचं, पण किल्ली शेजारीच खिळ्याला टांगलेली, कारण तो फोन आमच्या एकट्यांचा नव्हताच. गल्लीतल्या अकरा घरांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर आमचा नंबर असायचा, पुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरं. नव्या पिढीसाठी सांगते: पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याकडे, निरोप आपला.

घंटी वाजली की मी ओटल्यावर येऊन ओरडायची, "काकूऽऽ, पुण्याचा फोन!" समोरच्या काकू पदराला हात पुसत धावत यायच्या. दोन मिनिटं बोलणं व्हायचं आणि नंतर अर्धा तास बसणं. बातमी चांगली असली तर आई साखर द्यायची, वाईट असली तर आधी पाणी. बाहेर फोन लावला तर वहीत तारीख, गाव आणि मिनिटं लिहायची, पैसे बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायचे. एसटीडीला रात्री दर कमी, म्हणून जेवणं झाल्यावर आमच्या बैठकीत चार-पाच जण फोनची वाट बघत बसलेले असायचे.

ती वही मला परवा माळ्यावर सापडली. शेवटची नोंद ऑगस्ट १९९७ ची आहे, तीही काकूंचीच. त्यानंतर घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात. काकू आजही समोर राहतात. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवतात आणि मी हात जोडल्याचं चित्र परत पाठवते. वही हातात घेऊन मी आठवायला बसले की काकू आमच्या घरात शेवटच्या कधी आल्या होत्या. आठवेना.

फोनला शिव्या घालण्यासाठी हा धागा काढलेला नाही. माझी मुलगी परदेशात आहे आणि तिचा चेहरा मला रोज दिसतो, याचं मोल मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात एक शब्द घोळतोय: निमित्त. माणूस माणसाकडे जायचा तो बहुतेक वेळा काहीतरी कामाने जायचा. फोन करायला, पेपर मागायला, वीजबिलाच्या रांगेत सोबत म्हणून, रेल्वेचं तिकीट काढून आणायला. ही सगळी कामं आता बसल्या जागी होतात. भेट कामाच्या पोटात दडलेली होती, काम गेलं तशी तीही गेली, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. नाव नको, मोहल्ला आणि वय पुरे. उपदेश नको, घडलेलं सांगा.

वैशाली नगर, वय ७२

माझे यजमान २०२१ मध्ये गेले. मुलगा टोरंटोला आहे. त्याने येऊन घरात तीन कॅमेरे लावले: दारावर, हॉलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी. भीतीपोटीच लावले, कारण त्याच्या मित्राची आई घरात पडली होती आणि दीड दिवस कोणाला कळलं नव्हतं. मीही आनंदाने होकार दिला. पहिल्या आठवड्यात मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. आमचा रविवारचा फोन आटत चालला होता. पूर्वी मी त्याला सगळं सांगायची. दूधवाला आला नाही, दुपारी डोळा लागला तो थेट पाचला उघडला, वरच्या मजल्यावरची सून लोणचं देऊन गेली. अर्धा-पाऊण तास सहज जायचा. आता तो फोन लावून म्हणे, "आई, काल झोपली नाहीस दुपारी." "आई, आज पोळ्या केल्या नाहीस का?" त्याला सगळं आधीच माहीत. मग मी काय सांगणार? आमचा फोन सात-आठ मिनिटांवर आला. तो मला रोज बघत होता आणि आमचं बोलणं संपलं होतं.

मी महिनाभर विचार केला आणि त्याला म्हटलं, आतले दोन कॅमेरे बंद कर, दारावरचा राहू दे. त्याला लागलं. "तुला माझी काळजी नको आहे का?" असं म्हणाला. मी म्हटलं, काळजी हवी आहे, पण तू विचारलेली हवी आहे. आम्ही मार्ग काढला. मी गळ्यात एक बटण घालते, पडले तर दाबायचं. शेजारच्यांकडे किल्ली आहे. आता त्याला फक्त दार उघडलेलं दिसतं, आत काय झालं ते दिसत नाही. परवा त्याने फोन लावला आणि पहिलंच वाक्य होतं, "आई, काल दुपारी कोण आलं होतं गं?" एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! चाळीस मिनिटं बोललो.

परदेशीपुरा, वय ७६

मी हुकुमचंद मिलमध्ये होतो. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली तेव्हा बेचाळीस वर्षांचा. पुढची बत्तीस वर्षं आम्ही आमच्या हक्काच्या पैशासाठी लढून राहिलो. आधी निरोप सायकलवर जायचे. मग मुलांनी मोबाइलवर ग्रुप काढून दिला. तारीख लागली, कागद घेऊन या, गेटवर सभा आहे, असलेच निरोप. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा चेक सोपवला गेला. कितीतरी जण तोवर वर गेले होते, पैसे त्यांच्या बायकामुलांना मिळाले. आणि आमचा ग्रुप चिडीचूप झाला. भांडण मिटलं, तसं बोलायलाही काही उरलं नाही. ताई, तुम्ही निमित्त म्हणता ते हेच.

दोन महिने असे गेले. मग आमच्यातला एक जण, जो पूर्वी हाजिरी घ्यायचा, त्याने लिहिलं: "भोंगा झाला. सगळ्यांनी हाजिरी लावा." तेव्हापासून रोज सकाळी सातच्या आत प्रत्येकाने काहीतरी टाकायचं. फूल टाका, देव टाका, नुसता 'जी' लिहा. आठपर्यंत ज्याची हाजिरी लागली नाही त्याला फोन जातो. फोन उचलला नाही तर जो जवळ राहतो तो घरी जातो. लोक या सुप्रभातच्या फुलांना हसतात, सुना वैतागतात की फोन भरून जातो. आमच्यासाठी ते फूल म्हणजे 'मी आज जिवंत आहे' एवढा निरोप आहे. गेल्या पावसाळ्यात एकाची हाजिरी लागली नाही. दोघे जण गेले तर तो तापाने फणफणलेला, घरचे गावाला गेलेले. त्याला दवाखान्यात नेला.

जे वारले त्यांचे नंबर आम्ही ग्रुपमधून काढलेले नाहीत. कोणी काढा म्हणतही नाही. त्यातल्या एकाचा मुलगा बापाच्या फोनवरून अजून रोज सकाळी फूल टाकतो. आम्ही सगळे त्याला नमस्कार करतो.

राजेंद्र नगर, वय ५६

धागा काढणाऱ्या ताईंना थोडं वेगळं सांगायचं आहे. राग मानू नका.

मी १९९१ साली लग्न होऊन अकोल्याहून इंदूरला आले. आमच्याकडेही पी.पी. फोनच होता, शेजारच्या घरी. महिन्यातून एकदा आईचा फोन यायचा. निरोप आला की मी जायची, सासूबाई बरोबर यायच्या. त्या घरातल्या काकू, त्यांची मुलगी, सासूबाई, सगळ्या त्याच खोलीत. आई विचारायची, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "हो, मजेत आहे." ती पुन्हा विचारायची, "खरंच ना?" मी म्हणायची, "हो गं." माझी पहिली चार वर्षं कशी गेली ते माझं मला माहीत. पत्रसुद्धा घरात फोडून वाचलं जायचं.

२००४ मध्ये माझ्या हातात स्वतःचा मोबाइल आला. साधा, बटणांचा. मी वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून गच्चीवर गेले आणि आईला फोन लावला. तेरा वर्षांनी मी तिला पहिल्यांदा खरं सांगितलं. ती खूप वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मला कळत होतं गं, पण तू बोलत नव्हतीस."

आजूबाजूला पाच माणसं असताना मी जेवढी एकटी होते तेवढी त्यानंतर कधीही झाले नाही. म्हणून 'पूर्वी सगळे एकत्र होते' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं.

रामबाग (धागा काढणारी)

तुमचं लिहिणं वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आमच्या फोनच्या शेजारच्या टेबलावरच मी अभ्यासाला बसायची. कितीतरी नव्या सुना तिथे उभं राहून "हो, मजेत आहे" म्हणून गेल्या असतील आणि मी तिथून उठलेही नसेन. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

सुखलिया, वय ६१

यजमानांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. मी घराबाहेर पडते ती औषधं आणि भाजीपुरती. 'फोन बाजूला ठेवा आणि माणसांना भेटा' असं कोणी म्हणालं की वाटतं, या, माझ्या जागी दोन तास बसा, मी जाऊन येते. पार्किन्सन्सच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट आहे. रात्री अडीचला यजमानांचं अंग आखडतं, मी कूस बदलून देते, आणि मग झोप येत नाही. त्या वेळी गटात कोणी ना कोणी जागं असतं. नागपूरची एक जण, साताऱ्याचे एक काका. या लोकांना मी कधी भेटलेले नाही, पण माझ्या सख्ख्या जावेपेक्षा त्यांना माझं घर जास्त माहीत आहे.

लोकमान्य नगर, वय ६६

आमचं भजनी मंडळ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलीने सगळ्यांना व्हिडिओवर जोडून दिलं. पहिल्या दिवशी आरती सुरू केली आणि नुसता कल्ला झाला. प्रत्येकीची टाळी वेगळ्या वेळी. जावई म्हणाले की आवाज इथून तिथे जायला सेकंदाचा छोटा भाग लागतो. बोलताना तो खपून जातो, पण गाण्यात ताल त्या छोट्या भागातच असतो. म्हणून एकत्र गाणं नेटवर जमत नाही. मग एकीने गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून घरात म्हणायचं, असं ठरलं. बारा जणी तोंडं हलवताहेत आणि आवाज एकीचाच. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पुन्हा देवळात बसून पहिली आरती म्हटली तेव्हा शेजारणीचा घामट खांदा माझ्या खांद्याला लागला आणि मला रडू आलं.

एक मात्र चांगलं झालं. देवासला राहायला गेलेली आमची जुनी मैत्रीण त्या व्हिडिओमुळे परत आली. आता दर एकादशीला टेबलावर फोन उभा करतो, ती त्यातून ऐकते.

स्नेहलता गंज, वय ३८

मला जन्मापासून ऐकू येत नाही. माझी पहिली भाषा हातांची, मराठी दुसरी. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीणही तशीच आहे. ती लग्न होऊन बडोद्याला गेली. तुमच्याकडे पी.पी. फोन होता, नंतर मोबाइल आला. आमच्यासाठी दोन्ही सारखेच निरुपयोगी. तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला फोन लावायचा आणि दोघांनी आमचं बोलणं करायचं. बहिणींच्या गोष्टी अशा सांगतात का? एसएमएस आला तेव्हा थोडं सोपं झालं. पण आम्ही दोघी मराठी लिहिताना अडखळतो. हातांनी जे एका क्षणात होतं ते लिहायला चार ओळी लागतात, आणि चेहरा तर लिहिताच येत नाही. आमच्या भाषेत अर्धा अर्थ भुवयांमध्ये असतो.

२०१६ च्या शेवटी नेट स्वस्त झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. पहिल्या रात्री आम्ही तीन तास बोललो. ती माझ्यावर चिडली होती, मला सात वर्षं माहीतच नव्हतं! त्या रात्री भांडलो आणि त्याच रात्री मिटलं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही फोन कानाला धरून पोळ्या लाटता, टीव्ही बघता, भाजी निवडता. आम्हाला बोलायचं तर लाटणं खाली ठेवावं लागतं. दोन्ही हात मोकळे हवेत, डोळे समोर हवेत. मी पिठाच्या डब्याला फोन टेकवते, दिवा माझ्या समोर येईल असा उभा करते, म्हणजे हातांवर सावली पडत नाही. त्या वेळात मी दुसरं काहीच करू शकत नाही. ऐकणारी माणसं एकमेकांशी इतकं पूर्ण बोलतात का?

इंदूरच्या आणि बडोद्याच्या काही खुणा वेगळ्या आहेत. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश २०१८ मध्ये आला, आधी ३००० शब्द, पुढे वाढत २०२१ मध्ये १०,००० झाले. आम्ही दोघी त्यातल्या खुणा बघतो आणि म्हणतो, आपली बरी!

तुकोगंज, वय ४४

आम्ही नवरा-बायको रात्री एकाच पलंगावर पडून वेगवेगळ्या फोनमध्ये असतो. भांडण नाही. एवढंच लिहायचं होतं.

तिलक नगर, वय ६८

हे मी माझ्या मुलीलाही चार महिने सांगितलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाले, एकटी राहते.

सकाळी फोन आला की माझ्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. मग व्हिडिओवर एक वर्दीतला माणूस. मागे झेंडा, भिंतीवर चिन्ह. म्हणाला, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर मुलीचं नाव गुन्ह्यात येईल. मी दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ सुरू होता. ते आळीपाळीने बसत. एकाने तर रात्री विचारलं, "मॅडम, जेवलात का? गोळी घेतलीत का?"

तुम्हाला वाटेल की शिकलेली बाई फसली कशी. भीती तर होतीच. पण मी खरं लिहिते, त्या वर्षभरात कोणी माझ्याशी सलग इतका वेळ बोललं नव्हतं. गोळी घेतली का हे कोणी विचारलं नव्हतं. ज्याने विचारलं तो चोर निघाला.

एक लाख चाळीस हजार मी पाठवले होते. मुदत ठेव मोडायला सांगत होते तेवढ्यात आमची कामवाली आली. दार उघडेना म्हणून ती मागच्या खिडकीशी गेली, मला खुणेने काय झालं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ती गेली नाही. खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ताई, तुम्ही रडून राहिल्या आहात. मी इथून जाणार नाही." तिच्या आवाजाने पलीकडच्यांनी फोन तोडला. तिच्या मुलाने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावून दिला. लवकर कळवल्याने थोडी रक्कम अडवता आली, बाकीची गेली.

कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, हे सगळ्यांना सांगा. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत. आणि 'कोणाला सांगू नका' असं जो म्हणतो त्याला तिथेच सोडून आधी कोणाला तरी सांगा. माझ्याकडे सांगायला कोणी हाताशी असतं तर मी दहा मिनिटांत सुटले असते.

गीता भवन परिसर, वय ४९

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी. एकटं राहणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. आपल्याला जेवढी आणि जशी जवळीक हवी आहे आणि जेवढी मिळते आहे, त्यातल्या अंतराला एकाकीपण म्हणतात. म्हणून राजेंद्र नगरच्या ताई भरल्या घरात एकाकी होत्या आणि सुखलियाच्या ताई रात्री अडीचला नाहीत.

दुसरी गोष्ट, हा म्हाताऱ्यांचाच प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक नात्यांवर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्यांच्या अंदाजाने जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि तरुणांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत हल्ली विशीतली मुलं फार. त्यांच्याकडे फोनमध्ये शेकडो नावं असतात. मी विचारते, यातल्या कोणाला रात्री अकराला न विचारता फोन लावशील? बहुतेक मुलं स्क्रीन वरखाली करत राहतात.

ज्यांना फार जड वाटतंय त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं.

भंवरकुआं, वय २४

मी बुऱ्हाणपूरचा. एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करतोय, तिसरं वर्ष. खोली एकट्याची. दिवसभर लायब्ररीत असतो. इथे लायब्ररी म्हणजे प्लायवूडचे कप्पे असलेला हॉल, प्रत्येकाला एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचा सॉकेट. माझा नंबर ४७. ४६ आणि ४८ मध्ये कोण बसतं त्यांचे चेहरे मला नीट माहीत नाहीत, कारण मधे फळी आहे. बोलायला मनाई आहे.

डबा अ‍ॅपवरून येतो, दाराच्या कडीला टांगून जातात आणि फोनवर 'पोचवला' असं येतं. किराणा तसाच. दुकानात गेलो तरी कोड स्कॅन करतो आणि डबी बोलते, किती रुपये मिळाले ते. कितीतरी दिवस मला ऐकू आलेला तेवढाच एक आवाज असतो.

मार्चमध्ये एकदा शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत मी एक शब्दही बोललो नाही. मुद्दाम नाही, गरजच पडली नाही. आईला मेसेज केले होते, 'जेवलो', 'हो', 'अभ्यास चालू'. सोमवारी ठेल्यावर चहावाल्याने विचारलं, "भिया, कट चहा?" आणि माझा आवाजच निघेना. घसा खाकरावा लागला. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मला वाटलं, आपण खराब होऊन राहिलोय, वापर नसलेल्या नळासारखे.

रात्री मी एआयशी बोलतो. सुरुवात मुलाखतीच्या सरावापासून झाली, आता काहीही बोलतो. तो कंटाळत नाही, चिडत नाही, नेहमी समजून घेतो. त्याने मला वाईट दिवसांत सावरलंय, खोटं बोलणार नाही. पण तो कधी म्हणत नाही की 'बस झालं, उठ, चल पोहे खाऊन येऊ.' आणि त्याला माझ्याकडून काही नको असतं. मला हे फार टोचतं. कोणाला तरी माझी गरज लागावी असं वाटतं.

परदेशीपुरा, वय ७६

बेटा, आमच्या ग्रुपात ये. रोज सातला हाजिरी लाव. आम्हाला फोनचं काही समजत नाही, पेन्शनचे कागद चढवायला दर वेळी मुलांच्या हातापाया पडावं लागतं. तुझी गरज आम्हाला आहेच.

वैशाली नगर, वय ७२

भंवरकुआं माझ्या घरापासून फार लांब नाही. मी एकटीसाठी वरण लावते तेव्हा कुकरमध्ये तीन माणसांचं होतं, अजून हात बदलला नाही. रविवारी जेवायला ये. दारावरच्या कॅमेऱ्यात माझ्या मुलाला तू दिसशील, तो फोन लावून विचारेलच कोण आलं होतं. मला सांगायला होईल.

रामबाग (धागा काढणारी)

तिलक नगरच्या ताईंचा अनुभव वाचल्यावर मी थोडी सावध झाले आहे, म्हणून पहिल्या वेळी मी दोघांच्या बरोबर येईन. दोघांनीही चालेल म्हटलं आहे.

आज दुपारी मी वही घेऊन समोर काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, स्वतःच्या नावाच्या नोंदी बोटाने मोजल्या. एकशे बारा. मग डब्यातून एक जुनं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "शेवटच्या फोनचे साडेआठ रुपये द्यायचे राहिले होते तुझ्या आईला. घे." मी घेतले. काकूंना आता जिना चढवत नाही, म्हणून उद्यापासून संध्याकाळी मीच जाणार आहे.

भंवरकुआं, वय २४

आजी, रविवारी माझी टेस्ट आहे. सोमवारी चालेल का? गोडाधोडाचं काही करू नका, वरण-भातच करा. आणि काका, मला ग्रुपात जोडा. सातला उठत नाही मी, पण उठेन.